दुसरं दार

गल्लीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायचा दोरा म्हणजे ओळंबा, आणि हा गवंडी स्वतः कायम एका अंगाला कललेला. पण त्याची भिंत कधी तसूभर कलली नाही. त्याचा एकुलता पोरगा सैन्यात, सीमेवरच्या छावणीत. शेजारच्या देशाशी लढाईची चिन्हं दिसू लागली, तशी पोराची रजा रद्द झाली.

अशात शेठचा कारभारी आला. शेठ मोठा दानशूर. इस्पितळं बांधून झाली, शाळा बांधून झाल्या, आता दोन्ही देशांच्या दूतांना आपल्याच बंगल्यात बसवून लढाई टाळायला निघालेला. घोडं अडलं दारापाशी. दिवाणखान्याला दार एकच, आणि आधी आत कोण शिरणार यावर दोघे हटून बसले.

"समोरच्या भिंतीत दुसरं दार पाड," कारभारी म्हणाला. "अगदी त्याच मापाचं."

"रुसलेले जावई परवडले की हो!" ओळंबा म्हणाला आणि थापी उचलली.

"अहो, जपून करा," बायको मागून म्हणाली. "माप चुकलं तर ते आल्या पावली परत जातील."

बंगल्यात घण घालण्याआधी एकच माप तो पुन्हा पुन्हा घेई. शेठ येऊन मागं उभा राहिला.

"होईल ना रे वेळेत?"

"दार होईल, शेठ. पुढचं तुमच्या हातात."

"माझ्या हातात पैसा आहे," शेठ घाम पुसत म्हणाला. "त्यानं खुर्च्या येतात. माणसं बसून राहतील याचा काय भरवसा?"

दार झालं. दोघे दूत दोन्हीकडून एकदमच आत शिरले. ओळंबा बंगल्याच्या परसात वाळूच्या ढिगावर कान देऊन बसला. आतून हसू ऐकू आलं, तशी त्यानं विडी पेटवली. मग खुर्च्या सरकल्या, कोणीतरी टेबलावर हात आपटला. एक मोटार गेली. तिच्यामागून दुसरी.

सकाळी कारभारी पुन्हा त्याच्या घरी हजर.

"ते दार बुजवून टाक."

"आणि बोलणी?"

"ते मोठ्यांचं. तू विटा आण."

कारभाऱ्याची पाठ वळली तशी बायको बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"दार बुजवायला सांगितलंय."

"म्हणजे बोलणी मोडली," ती उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "जाणार तुम्ही?"

"नाही."

"दुसरा कोणी बुजवेल."

"बुजवू दे की. त्याचा पोरगा घरी असेल."