खोली तुझी, कोपरं माझं

आमची आत्ती कुठल्याही गोष्टीवर आधी तळहात आपटायची आणि मग तिच्याविषयी मत द्यायची. फणस असो, नवा माठ असो, भाताचं पोतं असो, म्हशीची पाठ असो की माझी, तिची थाप ठरलेली. उचगावच्या बाजारात कलिंगडवाले तिला लांबून बघूनच हात जोडायचे. ढिगातलं एकेक कलिंगड थापटून ती शेवटी "समद्यांची पोटं रिकामीच दिसत्यात" म्हणायची आणि काही न घेता पुढे जायची. माझ्या पाठीचे तर विचारूच नका. शाबासकी आणि शिक्षा यांत तिच्या हाताला फरक करता येत नसे. आंबे चोरले तेव्हा पाठ जेवढी झणझणली, तेवढीच दहावी पास झालो तेव्हाही.

आत्ती म्हणजे आमच्या आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमचीच. शेत आप्पांचे, पण भात एकदा घराचा उंबरा ओलांडून आत आले की ते आत्तीचे. गिरणीला कधी न्यायचे, बियाण्याला कुठले ठेवायचे, पाहुण्यांना नवा तांदूळ घालायचा की जुना, हे सगळे तीच ठरवायची. गावच्या बैठकीत सगळ्यांवर आवाज चढवणारे आप्पा तिच्यापुढे दोनच शब्द बोलायचे, "व्हय आक्का."

मी उद्यमबागेतल्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि घरी बसून गाणी करणार असे जाहीर केले, तेव्हा आप्पांनी जेवण अर्धे टाकले नाही, एवढेच माझे नशीब. बराच वेळ भात कालवत बसले आणि मग म्हणाले, "पेरणीपर्यंत बघतो. जमलं तर जमलं. न्हायतर मुकाट्यानं कारखान्यात जायचं, आन् ती मागची खोली भाड्यानं द्यायची." मागची खोली म्हणजे आमची भाताची खोली. जाड भिंती, एकच लहान खिडकी, रस्त्याचा आवाज अजिबात येत नाही. मला ती हवी होती, पण खोली आप्पांनी देऊन भागणार नव्हते. मी आत्तीकडे गेलो. तिने दाराच्या चौकटीवर एक थाप दिली, आत डोकावली आणि निकाल दिला, "खोली तुझी, कोपरं माझं."

त्या अटीचा अर्थ सुगी आली तेव्हा कळला. चारही कोपऱ्यांत आढ्याला टेकतील एवढी भाताची पोती उभी राहिली. मधे जी जागा उरली तिच्यात मी, माझा कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि माइक. नव्या बासमतीचा वास कपड्यांना लागायचा. मित्र आले की विचारायचे, "स्टुडिओ हाय की सोसायटीचं गोदाम?" मी रोज आत्तीच्या मागे लागायचो की निदान दोन कोपरे तरी मोकळे कर. ती म्हणायची, "कोपऱ्यात तुझं काय काम हाय? बसतोस तर मधीच की." वर भात वाळले की नाही हे बघायला ती कधीही आत शिरायची आणि पोती थापटत फिरायची. भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग ऐन रंगात आलेले असताना मागून धप्प, धप्प.

"आत्ती, रेकॉर्डिंग चालू हाय गं."

"चालू दे की. मी कुठं गातीया?"

तरीही त्या भजनी मंडळाचे गाणे सुरेख झाले. माझे पहिलेच गाणे. मोबाइलवर लावा, रिक्षात लावा, आप्पांच्या ट्रॅक्टरवर लावा, सगळीकडे मृदंगाचा घुमार भरलेला आणि सारखा, कुठे उसळी नाही, कुठे खड्डा नाही. घरात बसून गाणी करणाऱ्याला विचारा, बेस सगळीकडे सारखा ऐकू येणे ही केवढी मोठी गोष्ट असते. मला वाटले, आपल्याला कानच तसा लाभलाय. चार लोकांना तसे सांगितलेही.

शिमगा झाला आणि भात गिरणीला गेले. खोली मोकळी झाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लगेच आवाज शोषणाऱ्या काळ्या फोमचे चौकोन मागवले आणि भिंतीभर चिकटवले, फोटो काढून सगळ्यांना पाठवले. आता कुठे स्टुडिओ दिसत होता. आत्ती बघायला आली. सवयीप्रमाणे तिने फोमवर हात आपटला, पण आवाजच आला नाही. ती हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भिंतीला आंबोळ्या कशाला डकवल्यास रं?"

नेमके तेव्हाच बेळगावातल्या एका मंडळाचे काम आले. आमच्याकडे शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात निघते, ट्रॉलीवर चित्ररथ असतात, आणि प्रत्येक मंडळाला आपले गाणे सगळ्यांत दणदणीत हवे असते. मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मला म्हणाले, "छातीत धडकाय पाहिजे बघ." गायला कंग्राळीच्या एक शिक्षिका होत्या. त्यांचा आवाज असा स्वच्छ की बाराखडी शिकवावी तर अशा आवाजात. हे गाणे वाजले की पुढची कामे आपोआप येणार होती, आणि पेरणी तर दारात होती. मी जीव ओतून काम केले. फक्त खुर्चीवर बसल्यावर मला बेस फिका वाटायचा. मी तो थोडा वाढवला. मग आणखी थोडा वाढवला.

मंडळाच्या मैदानावर ट्रॉलीच्या मोठ्या स्पीकरवर गाणे लावून बघितले, तेव्हा आप्पाही मला सोडायला म्हणून आलेले होते. एक सूर असा घुमला की मंडपाचे पत्रे थरथरले. पुढचा सूर कुठे गेला ते समजलेच नाही. त्याच्या पुढचा परत अंगावर आला. शिक्षिकाबाईंचे शब्द त्यात पार बुडून गेले. अण्णा भला माणूस, ओरडले नाहीत. "पोरा, बाईंचं एक अक्षर कळंना. या आठवड्यात नीट करून दे, न्हायतर आम्हांला दुसरं गाणं बघावं लागंल." आप्पा गाडीला टेकून उभे होते. घरी येऊन चहा पिताना म्हणाले, "कारखान्यात एकदा फोन करून ठेव." रागावून म्हणाले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी खोलीत वेड्यासारखा फिरत होतो. खुर्चीवर बसले की बेस फिका. दाराशी गेले की तोच सूर जाड. खिडकीखाली तर तो सूर नाहीच. एका खोलीत तीन गाणी, खरे कुठले मानायचे? वैतागून मी ते पहिले भजन लावले, म्हटले निदान हे तरी ऐकू. आणि तेही पोकळ वाजले. मृदंग मधेच गळून पडत होता. तेच स्पीकर, तेच गाणे, त्यात काडीचा बदल नव्हता. म्हणजे बदलली होती ती खोली. मी चारी बाजूंनी बघितले, आणि ते रिकामे कोपरे माझ्याकडे बघत होते.

नंतर वाचले तेव्हा सगळे पटले. बेसचे खालचे सूर पातळ फोमला जुमानतच नाहीत. ते भिंतीवरून उलटतात, कोपऱ्यांत जाऊन साठतात, कुठे दुप्पट होतात, कुठे एकमेकांना खाऊन टाकतात. सुगीत ते कोपऱ्यातल्या पोत्यांत मुरत होते, म्हणून मला गाणे खरे ऐकू येत होते. ज्या कानाचा मी गावभर डंका पिटला, तो कान आत्तीच्या भाताचा होता.

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. आत्ती तांदूळ निवडत बसली होती.

"आत्ती, कोपऱ्यात पोती परत ठेवाय पाहिजेत."

तिने सूप खाली ठेवले. "सुगीभर पोती काढ म्हणून डोकं खाल्लंस. आता ठेव म्हणतोस. भात हाय का सोफा?"

मी तिला सगळे समजावून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला त्यातलं काय म्हणजे काय कळलं न्हाय. पर तुझं तोंड बघून कळतंय, लई अडलंय." मग आप्पांना हाक मारली आणि माळ्यावरचे बियाण्याचे भात खाली घ्यायला सांगितले. पेरणीपर्यंत त्या पोत्यांना घरात कुणी बोटही लावायचे नाही, हा तिचाच नियम. आप्पांनाही नवल वाटले. "बियाणं, आक्का?" "व्हय, बियाणंच. माळ्यावर बसलं काय आन् कोपऱ्यात बसलं काय, त्याला काय कळतंय?"

पण बियाण्याने एक कोपराही नीट भरेना. आत्तीने पदर खोचला, रिकामी पोती काखेत मारली आणि मला घेऊन शेजारच्या टेंपोने गिरणीवर गेली. गिरणीमागे कोंड्याचा डोंगर पडलेला असतो, ज्याला पाहिजे त्याने न्यावा. मी भरत होतो आणि ती प्रत्येक पोते थापटून बघत होती. "पोकळ हाय, आनिक भर." "हे बी पोकळ." कोंड्याने माझे डोळे लाल झाले, तिचे केस पिवळे झाले, पण तिने एक पोते ढिले जाऊ दिले नाही. घरी आल्यावर रचताना परत तेच. एकावर एक पोते, आणि प्रत्येकावर धप्प.

खोलीत काय फरक पडतो ते मोजावे म्हणून मी माइक चालू ठेवला होता. पोती रचून झाल्यावर ते ऐकले आणि थांबलो. आत्तीची थाप. खोल, भरीव, मऊ, आणि लगेच संपणारी. ढोलाच्या असल्या आवाजासाठी मी इंटरनेटवर आठवडाभर शोध घेतला होता. मी तीच थाप गाण्याखाली बसवली, फुगवलेला बेस उतरवला आणि सगळे पुन्हा जुळवले. आता खुर्चीवर ऐका, दाराशी ऐका, खिडकीखाली ऐका, एकच गाणे होते. आत्तीला बोलावून स्टुलावर बसवले.

"बाई काय म्हणतीया ते कळतंय आता," ती म्हणाली. थोडे ऐकून म्हणाली, "आन् मधनंमधनं कोण थापटालंय?"

"तूच."

तिने तोंडाला पदर लावला. किती तरी वेळ हसत होती. "आधी सांगायचं न्हाय व्हय? निदान हात तरी धुतलं असतं."

चित्ररथ निघाला तेव्हा बाईंचा शब्द न् शब्द रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत कळत होता आणि बेस छातीत धडकत होता. अण्णांनी ट्रॉलीवरूनच हात वर केला. आप्पाही गर्दीत कुठेतरी उभे होते. पेरणीच्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन माझ्या कोपऱ्यातले बियाणे उचलले, आणि अंगणातून ओरडले, "आक्का, त्या जागी दुसरं कायतरी भरून ठेव गं. पोराचं काम अडंल." कारखान्याचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही.

पुढे कामे येत गेली. निपाणीहून, खानापुरातून लोक गाणी करून घ्यायला येऊ लागले. कोपऱ्यांसाठी विकत मिळणारे नीटस सामान आणायची ऐपत आली, पण मी आणले नाही. दर सुगीला आत्ती विचारायची, "यंदा कसलं गाणं हाय? भात ठेवू का कोंडा?" तिला वाटायचे, भक्तिगीताला भात लागत असेल. मीही तिला कधी नाही म्हटले नाही. आलेल्या गायकांना ती पोती थापटून दाखवायची आणि सांगायची, "ह्यो मी हाय बघा गाण्यात."

गेल्या वर्षी सुगीच्या तोंडावर आत्ती गेली. भात घरात आले तेव्हा आप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही, एकट्यानेच कोपऱ्यांत पोती रचली. रास वाकडी झाली. ते खाली एका पोत्यावर बसले आणि म्हणाले, "हे आक्कालाच जमायचं." मी रास सरळ केली नाही. ती अजून तशीच आहे, आणि बेस अगदी नीट वाजतो.

यंदाच्या मिरवणुकीत अण्णांच्या मंडळाचे नवे गाणे माझेच होते. मी आणि आप्पा ट्रॉलीला पाठ करून गर्दीत उभे होतो. बाईंनी पहिली ओळ संपवली आणि त्या मोठ्या स्पीकरांतून मी जपून ठेवलेली आत्तीची थाप पडली, ती थेट माझ्या पाठीत बसली. शाबासकी होती की शिक्षा, ते याही वेळी कळले नाही. माझे डोळे भरून आले. शेजारी आप्पांनी वाकलेली पाठ ताठ केली, आणि समोर बघतच म्हणाले, "व्हय आक्का."