टाचण्या जमा, चिठ्ठ्या रद्दीत

अन्याय झाला तो उमरेडहून नागपुरात आलेल्या एका विणकरावर, तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, सकाळी. साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नवा फौजदार होतो; अजून विसरलेलो नाही. त्याचं नाव सांगत नाही; आमच्या खात्यानं ते पुरेसं खराब केलं होतं.

धरमपेठेतल्या एका दुकानातून लुगड्यांचा गठ्ठा चोरीला गेला. खबऱ्यानं याचं नाव दिलं. ठाण्याच्या संशयितांच्या नोंदीत ते होतंच. घरी लाकडी नंदी रंगवत बसलेल्या माणसाला हवालदारानं उचलून आणलं.

"काहून गा, सणालेही हात शिवशिवते का?"

विणकर माझ्याकडे वळला. "साहेब, त्या जुन्या चोरीतून मले कोर्टानं कधीचंच सोडलं. खरा चोर सजाही भोगून आला. तरी दर चोरीले मलेच काहून आणता?"

त्याचा माग बंद पडला होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी लागत होती, ती आमच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर अडली होती.

हवालदार हसला. "सोडलं असतं तर नोंदीत नसतं का?"

नोंदीत आरोप होता, सुटका नव्हती. मी जुनी नोंद मागवली. मध्यप्रांताच्या काळातले कागद नव्या राज्याच्या छापील पत्रकांवर नुकतेच उतरवले होते. जुन्या पानावर आरोप तोच, पण कोपऱ्यात टाचणीची भोकं. लेखनिकाला बोलावलं.

"इथं काय टोचलं होतं?"

"निकालाची चिठ्ठी, साहेब."

"मग ती का नाही उतरवली?"

"नव्या पत्रकात रकानाच नाही! हुकूम होता, पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा. उतरवला. एक काना चुकला असंल तर सांगा."

"आणि चिठ्ठ्या?"

"रद्दीच्या पोत्यात. टाचण्या मात्र जमा केल्या. सरकारी माल हाय."

पोतं विकलं गेलं नव्हतं, एवढंच नशीब. ओतलं. त्याच्या निर्दोष सुटकेची चिठ्ठी निघाली, इतरही कितीतरी जणांच्या निघाल्या. मग खबऱ्यालाच समोर बसवलं. गठ्ठा त्याच्या मेहुण्याकडे सापडला. पोलीस कोणाचं नाव चटकन मानतात, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

दाखला मी स्वतः विणकराच्या हातात दिला. नोकरी लागल्यावर तो ठाण्यात आला. "पाहून राहिले ना साहेब? आज मीच आलो, कोणी धरून नाही आणलं." त्याच्या हसण्याचं समाधान मला अजून पुरतंय.

आता तुम्ही फाइली एका संगणकातून दुसऱ्यात हलवता. मजकूर पोचतो. पण फाइल कोणाची, कोणी पाहायची, तिच्यावर शेरा काय, ही चिकटलेली माहिती नव्या व्यवस्थेत जागा नसली की मुकाट्यानं गळते. कोणाला पत्ताही लागत नाही, याचाच मला संताप येतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून तपासा. जागा नसेल तर ती माहिती वेगळी लिहून फाइलीसोबत पाठवा. आजच, जुनी प्रत पुसण्याआधी.