राख निघत नसेल तर

लिम्फोमाचं, गाठींच्या कॅन्सरचं, कळलं आणि बाबांनी वरण सोडलं. आधी वाटलं, औषधांनी तोंडाची चव गेली असेल. मग अंडं सुटलं, दही सुटलं. झुणका परत आला तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. झुणक्याला नाही म्हणणारा माणूस आमच्या घरात आजवर जन्मला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सोपं करून सांगितलं होतं. पेशीत काम संपलेल्या प्रथिनांवर खूण होते आणि ती मोडीत निघतात. बाबांच्या गाठींमधल्या पेशींत ती खूण करायची सोयच बिघडली होती. त्यामुळे पेशीला वाढायला लावणारं एक प्रथिन मोडत नव्हतं, आणि पेशी वाढत सुटल्या होत्या.

बाबांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात झाली, राखेच्या विभागात. बॉयलरखालची राख निघेनाशी झाली की तिथे आधी कोळसा कमी करतात.

"प्रोटीन मोडून नाही राहिलं, तर वरून अजून काहून टाकायचं वं?" ते मला म्हणाले.

खाल्लेलं प्रथिन पोटात पचतं, हे पेशीतलं वेगळं, असं मी हजारदा सांगितलं. अंगात ताकद नसेल तर केमो देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनीही बजावलं. दवाखान्यात ते मान डोलवायचे आणि नागपुरातल्या घरी परतले की भात, मीठ, लिंबू. वजन उतरत गेलं. एक केमो पुढे ढकलावी लागली. मी भांडले, रडले, नको ते टाकून बोलले. आई भाजीत डाळ वाटून घालायची. पहिल्याच घासाला ते ओळखायचे आणि ताट हळूच बाजूला सारायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

परवा दुपारी ताटासमोर बसून मी पुन्हा तेच समजावू लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

"समजते मले. पहिल्याच दिवशी समजलं होतं. पोटातलं वेगळं, गाठीतलं वेगळं."

"मग काहून नाही खात तुम्ही?"

"सुई ते टोचतात, तारीख ते ठरवतात. मी नुसता पडून राहतो. मीही काही करून राहिलो, असं वाटू दे ना वं."

केमो सोमवारी आहे, आणि या वजनावर ती होईल की नाही ते कोणी सांगत नाही. वाटीतलं वरण निवत चाललं होतं. ती वाटी मला त्यांच्यापुढे सरकवताही येईना, उचलून नेताही येईना.