गर काढून ठेवा

स्वतःच्या फजितीची जाहिरात कोण करतो सांगा. पण आमच्या चारकोपच्या सोसायटीत हा किस्सा तीन-चार प्रकारांनी फिरतोय आणि प्रत्येक प्रकारात मी आणखी बावळट होत चाललोय. म्हटलं, अस्सल माल माझ्याकडूनच घ्या. चहा ओतून घ्या आधी.

मी रिटायर झालो आणि स्वयंपाकघरात घुसलो. मरोळच्या एका कारखान्यात उभी हयात डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवण्यात गेली. पत्र्याला हवं तसं भोक पाडायचं, एवढंच मला येत होतं. मग हळूहळू मालवणी जेवण जमायला लागलं आणि डोक्यात हवा गेली. बायको सुलभा म्हणते, पाणी उकळलं तरी हे शेजाऱ्यांना वास घ्यायला बोलावतात.

तर आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर तन्वी राहते. तिशीची आहे, नोकरी करते, भयंकर उत्साही. यंदा तिने मुलांसाठी हॅलोविन करायचं ठरवलं. कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी कडाडून विरोध केला, चेअरमन तर म्हणाले की ही परदेशी थेरं आपल्या गेटच्या आत नकोत. पोरगी सगळ्यांशी भांडली आणि परवानगी मिळवलीच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिचा फोन. "काका, तुमच्याकडे हत्यारं आहेत आणि हातही चांगला आहे. मी भोपळे पाठवतेय, सगळ्यांचा गर काढून ठेवाल? पाचला घ्यायला येते."

आता तुम्हीच सांगा. 'गर काढून ठेवा' याचा अर्थ काय होतो? मराठी माणसाला काय ऐकू येणार? हॅलोविन म्हणजे भुतांचं काहीतरी असतं, एवढं मला ठाऊक होतं. पण त्यात भोपळा कशाला? आमच्या मालवणात भुतं बरीच आहेत, पण भोपळ्याच्या वाटेला गेलेलं एकही ऐकलं नाही. मी समजलो, संध्याकाळच्या जेवणाला भाजी असणार आणि माझ्या हाताची ख्याती चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेली असणार.

फोन ठेवता ठेवता तिने दोन सूचना केल्या. आतून एकदम साफ हवं, आणि झाकणं जपून ठेवा, हरवली तर पंचाईत होईल. मला जरा रागच आला. बिया आणि दोरे काढायचे असतात हे मला शिकवायला हवं का? आणि आमच्या घरातल्या डब्यांची झाकणं हरवतात, ही बातमी चौथ्या मजल्यापर्यंत कुणी पोचवली?

वॉचमनने भोपळे आणून दिले. काय देखणे होते. दहा-बारा असतील, सगळे लालबुंद, गोल, एका मापाचे, साल कशी पॉलिश केल्यासारखी. मी बाह्या सरसावल्या. दुपारचं जेवणही घेतलं नाही. एकेक भोपळा चिरला, बिया काढल्या, साल तासली, फोडी केल्या आणि घरातल्या झाडून सगळ्या डब्यांत भरून घट्ट झाकणं लावली. बिया तव्यावर भाजल्या. साल टाकून देणं जिवावर येत होतं, तेव्हा तीळ-खोबरं घालून तिची चटणी करायला घेतली.

पाचला बेल वाजली. सुलभा बहिणीकडे मुलुंडला गेली होती, ती आणि तन्वी लिफ्टमध्ये भेटल्या आणि एकत्रच आत आल्या. तन्वीने इकडेतिकडे बघितलं.

"काका, भोपळे?"

मी डब्यांकडे हात केला. तिने एक झाकण उघडलं. दुसरं उघडलं. मग फार हळू आवाजात म्हणाली, "काका, वरची सालं कुठे आहेत?"

"मिक्सरमध्ये," मी म्हणालो.

ती मटकन सोफ्यावर बसली. तेव्हा कुठे मला कळलं की तिला पोकळ भोपळे हवे होते. त्यांना डोळे-तोंड कापायचं, आत दिवा ठेवायचा, वर भोपळ्याचंच झाकण. खाली मंडप तयार, दोरीवर काळी वटवाघळं लटकलेली, सातला मुलं येणार, आणि भोपळ्यांची चटणी झालेली. नवे आणायला वेळ नव्हता, आणि तसे एकसारखे मिळणारही नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, चेअरमनकाका तर फजिती व्हायची वाटच बघतायत.

सुलभा चिडली की मालवणीवर येते. "ह्या काय करून ठेवलात?" एवढंच म्हणाली, पण ते पुरेसं होतं.

खरं सांगतो, त्या पोरीने एवढं भांडून मिळवलेलं मी एका दुपारात चिरून ठेवलं होतं. पण समोर भोपळ्याचा डोंगर होता आणि हातात कसब होतं. मी म्हटलं, तन्वी, तुला भोपळ्याची तोंडंच हवीत ना? देतो.

जुन्या बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला, कडा घासल्या, धुतला आणि साचा बनवला. दोन तिरके डोळे आणि एक दातेरी तोंड. सुलभाने राग गिळून गर शिजवायला टाकला, गूळ घातला, कणीक मळली. घारगे थापायचे, वर साचा दाबायचा आणि तेलात सोडायचे. डोळ्यांना भोकं असल्यामुळे फुगेनात, पण तळून निघाले तेव्हा प्रत्येक घारगा केशरी रंगाचं, दात विचकून हसणारं भूत. तन्वी ते बघून हसायलाच लागली.

तरी गर उरला. तेव्हा सुलभाला सुचलं. तिने तो बेसन आणि हळद घालून वाटला, पातेलं घेऊन खाली गेली आणि मुलांच्या तोंडाला फासला. तो सुकून असा तडकला की सख्ख्या आयांनी पोरं ओळखली नाहीत. पोरं किंचाळत मंडपभर धावत होती, हातात भुताचा घारगा, आधी डोळा खायचा की दात यावर भांडणं.

आणि म्हातारी मंडळी? घारग्यांचा वास वरच्या मजल्यांवर गेला आणि एकेक जण खाली उतरला. चेअरमन सालीची चटणी बोटाने चाटत तन्वीला म्हणाले, की हा सण आपल्या संस्कृतीत बसतो. पुढच्या वर्षीची परवानगी तिथेच मिळाली. तन्वीचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मी घारगे संपेपर्यंत गॅस सोडला नाही आणि मग तसाच, घामाघूम, केस पिंजारलेले, खाली गेलो. मी मंडपात पाय ठेवला आणि टाळ्या पडल्या.

शेवटी बक्षिसं होती. गाणी मोठ्याने चालू होती, नीट काही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात माईकवर माझं नाव आलं. मुलांनी मला ओढतच स्टेजवर नेलं, हातात चषक दिला. माझा ऊर भरून आला. मी माईक घेतला आणि अगदी नम्रपणे बोललो, "मुलांनो, यात विशेष काही नाही. त्यासाठी मी आज वेगळी काही तयारीही केली नव्हती. मी घरी रोज असाच असतो. विश्वास नसेल तर काकूंना विचारा."

टाळ्या-हशांनी मंडप नुसता दणाणला. सुलभा तर डोळ्यांतलं पाणी पुसत मान डोलावत होती. कौतुक एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं.

खाली उतरून चष्मा लावला आणि चषकावरची पट्टी वाचली. 'सर्वांत भयानक भूत. मुलांच्या मतांनुसार.'

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या तोंडाला कुणी काही फासलेलं नव्हतं.