गाडी बोंबलली, पण कुणी पाहिलं न्हाई

माझ्या लोणच्याची बरणी परत द्यायची विसरणाऱ्या लेकरांनो, एवढं तरी ध्यानात ठेवा. मी सांगून राहिले, नात लिहून राहिली.

माझ्या लेकाच्या, सुधाकरच्या, नव्या कारला कुलूप लावल्यावर आत काही हललं की ती बोंबलते. नजर लागू नये म्हणून मी आरशाला लिंबू-मिरची बांधली. बाजूनं ट्रक गेला की ती झुलते, अन् गाडी उगाच बोंबलते.

आज कळमनुरीच्या बाजारात मागच्या सीटवर माझा डोळा लागला. सुधाकरला वाटलं, माय उतरली. कुलूप लावून तो हळदीच्या दुकानात गेला. जाग आली तर दार उघडंना, अंगाची भट्टी झालेली. मी हात हलवले, गाडी बोंबलली. त्यानं दुकानातूनच किल्लीचं बटन दाबून तिला गप केलं. दुकानदाराला म्हणे, "मायची लिंबू-मिरची!" पुन्हा मी हलले, पुन्हा त्यानं बटन दाबलं.

शेवटी बांगड्यावाल्या सलमानं काचेतून पाहिलं अन् ओरडली, "अरे भाई, अंदर तो अम्मा है!"

सुधाकर पळत आला, दार उघडलं अन् रडायला लागला. मी म्हणलं, "रड. लिंबासाठी तर रडला नसता."

पण माझ्या जागी लहान लेकरू असतं तर? तुमी तरी गाडी बोंबलली की दर वेळी उठून पाहता का?

बरणी रिकामी पाठवू नका. शेंगदाण्याचे लाडू भरा, सलमासाठी. सुधाकरला एकबी न्हाई.