कंपनीचे स्क्रू

आमच्या घरात कंपनीने लावलेल्या गोष्टीला कुणी हात लावत नाही. फ्रिज जुना झाला, पण त्याच्या हँडलवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. आणि काल त्याच घरात माझ्या मुलीने, रेवाने, नुकतीच घेतलेली पॉइंट टू-टू रायफल जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली आणि चक्क तिचे स्क्रू काढायला घेतले!

"अगं, कंपनीचे आहेत ते!"

"म्हणूनच काढतेय, बाबा. मऊ आहेत. लाकडी दस्त्यात नळी घट्ट बसत नाही."

तिने पोलादी स्क्रू बसवले. हवा तेवढा ताण आला की पान्यातून टक् असा आवाज येई, आणि तिचा चेहरा असा काही उजळे की वाटलं, रायफल आत्ता कुठे हिची झाली. विकत घेतलेली वस्तू आपली नेमकी कधी होते? पैसे देताना तर नक्कीच नाही.

आज नेमबाजीच्या रेंजवर तिने पाच गोळ्या झाडल्या. गेल्या आठवड्यात कागदभर विखुरलेली भोकं आज एकमेकांना बिलगून बसली होती.

"बाबा, बघ!" ती ओरडली. तिच्यापेक्षा मोठ्याने मी ओरडलो.

घरी आलो, चपला न काढताच स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिजच्या हँडलवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. हँडल हाताला गार लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.