‘शे’चा अर्धा गुण

आमच्या दाजींच्या तावडीतून बिनगुणांचा सुटलेला माणूस अख्ख्या देवपुरात सापडला नसता. थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत मराठीचे मास्तर, आणि दिसेल त्याला दहापैकी गुण द्यायची जन्मजात खोड. एका लग्नात नवरीच्या बापाने हौसेने विचारलं, “जेवण कसं झालं?” दाजी म्हणाले, “वरण सात, जिलबी पावणेसहा.” बिचारा तडक आचाऱ्याकडे धावला. मला बघायला मुलगा आला, तेव्हा माझ्या कानाशी कुजबुजले, “साडेपाच. पास आहे, करून टाक.” केलं बाई, आणि तेवढ्यावरच निभावतेय. ताईच्या भरिताला मात्र कायम दहापैकी दहा. जिवाची भीती कोणाला नसते?

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. एप्रिलात मी त्यांच्याकडे गेले, तर दाजी नववीचा एकच पेपर हातात धरून बसलेले, चहा निवून गेलेला. पोरगी खेड्यातली, मामाकडे राहून शिकणारी. बाकी विषय सुटले होते. मराठीत चौतीस, आणि पास व्हायला पस्तीस हवेत. तिचे वडील आधीच बजावून गेले होते, “मास्तर, पास हुयनी ते शिकाडसू, नापास हुयनी ते घर बसाडसू.” म्हणजे नापास झाली की शाळा बंद.

“फुकटचा गुण मी देणार नाही,” दाजी म्हणाले, पण पेपर काही खाली ठेवेनात. निबंध होता ‘माझी आई’. ‘आहे’च्या जागी पोरीने चारदा घरचं ‘शे’ लिहिलं होतं. ‘माझी आई अडाणी शे, पण मला रोज वाचायला बसवते.’ दर ‘शे’भोवती लाल गोल करून दाजींनी अर्धा गुण कापला होता.

ताईने हात पुसत येऊन निबंध वाचला. ती आमच्या आईशी जन्मभर याच बोलीत बोललेली.

“अहो, ‘शे’ वाचलं तेव्हा तुम्हाला कळलं ना?”

“कळलं.”

“मग गुण कशाचे कापले?”

दाजींनी पेन उचललं. मग चारही लाल गोल त्यांनी खोडले, प्रत्येकाशेजारी सही केली आणि चौतीसचे छत्तीस केले. मी चिडवलं, “दाजी, आज तुम्हीच काठावर पास झालात.” ते हसले नाहीत.

“बावीस वर्षं मी हा ‘शे’ कापतोय,” ते म्हणाले. “त्यातल्या किती जणी घरी बसल्या असतील गं?”

मला त्यांची फार माया आली. दाजींनी तपासून बांधलेला गठ्ठा सोडला आणि पहिल्या पेपरापासून पुन्हा वाचायला घेतला.